बाहेरील खाद्यपदार्थ खाण्यास सक्त मनाई

आमच्या कॉलेजच्या कँटीन समितीच्या बैठकीत तक्रारपेटी उघडली तेव्हा तिच्यातून अकरा चिठ्ठ्या निघाल्या. चार महिन्यांच्या अकरा. मिसळीला कट कमी देतात. पाव शिळा होता. कूपनासाठी फार वेळ उभं राहावं लागतं. मॅचच्या दिवशी टीव्ही लावा. एका चिठ्ठीत काउंटरवरच्या पोराचं नाव लिहून तो उर्मट बोलतो अशी तक्रार होती. भिंतीवरच्या क्यूआर कोडवरून आलेली उत्तरं वेगळी होती. त्यांत बहुतेकांनी पाचपैकी चार तारे दिले होते. वह्या, जर्नल, ॲप्रन मिळतात त्या आमच्या स्टोअरबद्दल कुणी काहीच लिहिलं नव्हतं. ‘विद्यार्थी एकंदरीत समाधानी आहेत’ असं इतिवृत्तात गेलं, ठेकेदाराला पाव बदलायची सूचना दिली गेली आणि बैठक संपली. त्या इतिवृत्तावर माझी सही आहे, म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

बाहेर आले तेव्हा पाऊस कोसळत होता. ग्रंथालयाच्या जिन्यात पाच मुली मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. खालच्या पायऱ्यांवर पाणी उडत होतं, तशा त्या एकेक पायरी वर सरकत होत्या. मी म्हटलं, “अगं, कँटीनमध्ये टेबलं रिकामी आहेत, तिथे का नाही बसत?” एकमेकींकडे बघून झाल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, “मॅडम, बोर्ड आहे ना तिथं.”

बोर्ड मला माहीत होता. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत, ‘बाहेरील खाद्यपदार्थ खाण्यास सक्त मनाई आहे.’ आठ वर्षं त्याच्याखालून जाऊन मी तिथे चहा प्याले आहे. तो कुणासाठी लावला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या मुली सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावकडच्या. पहिल्या एसटीला बसायचं म्हणजे घरातून सहाच्या आत निघायचं, आणि त्याआधी आईच्या जोडीने भाकऱ्या थापायच्या. सवलतीच्या पासावर प्रवास परवडतो; रोजची राईसप्लेट परवडत नाही. डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा, कधी मटकी, कधी नुसता शेंगदाण्याचा कूट. तो डबा त्या जिन्यात, वर्गाच्या मागच्या बाकावर, पावसाळा नसेल तेव्हा झाडाखाली खातात. तीन वर्षांच्या पदवीत त्यांच्यातली एकही कँटीनची ग्राहक होत नाही. आणि ग्राहक नाही म्हणून तिचा अभिप्राय नाही. आमच्या पेटीत तिची चिठ्ठी येणारच नव्हती. लिहून टाकायला तिने निदान उंबरा तरी ओलांडायला हवा होता.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. ‘ग्राहकांचा अभिप्राय’ हा शब्दप्रयोग व्यापारातून आला आणि व्यापारापुरता तो ठीकही आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या मिसळवाल्याला आपल्या गिऱ्हाइकांना काय वाटतं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. जो त्याच्याकडे येत नाही तो दुसरीकडे जाईल. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या आवारात हे दुसरीकडे जाणंच नसतं. दोन तासांच्या मधली अर्धा तास सुट्टी, गेटपासून रस्ता लांब, बाहेर पाऊस किंवा ऊन. तिथली कँटीन आणि तिथलं दुकान ही त्या मुलांसाठी निवडीची बाब नाही. ती आवाराचा भाग आहेत, वाचनालयासारखी, पाण्याच्या टाकीसारखी. तिथे येणाऱ्यांना काय आवडलं हे विचारण्याआधी, कोण येत नाही आणि का येत नाही हे विचारायला हवं. आलेल्यांचेच तारे मोजत राहिलो, तर जितकी जास्त मुलं बाहेर राहतील तितका आपला निकाल चांगला दिसत जाईल.

त्या दिवसानंतर मी पेटीत न आलेल्या चिठ्ठ्या शोधायला लागले. फार लांब जावं लागलं नाही.

माझ्याच वर्गात कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा होता. कँटीनला तीन पायऱ्या आहेत आणि शेजारी रॅम्पही आहे. तपासणीला आलेल्यांना आम्ही तो दाखवतो. रॅम्पचा साधा नियम असा की एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट धरली तर रॅम्प अठरा फुटांचा लागेल. आमचा जेमतेम पाच फुटांचा आहे. त्यावर चाकाची खुर्ची मागे घसरते आणि कुबडी निसटते. तो मुलगा वर्गातच थांबायचा. मित्र त्याला वडापाव आणून द्यायचे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काही अडत नाही मॅडम, पोरं आणतात.” तक्रार केली तर ती आपण मित्रांवर केल्यासारखी होईल असं त्याला वाटत होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगितलं आहे आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार, सगळ्या सोयी वापरता येतील अशा कराव्यात हेही सांगितलं आहे. प्रवेशाच्या वेळी ५ टक्क्यांचा हिशोब आम्ही चोख करतो. तीच मुलं दुपारी दीड वाजता कुठे असतात, याचा हिशोब कुठल्याच फाइलीत नसतो.

आणखी एकीला शेंगदाणा चालत नाही. अंगावर गांधी उठतात, एकदा घसाच सुजला होता. आता आपल्याकडे सातारा-सांगलीच्या स्वयंपाकात कूट कशात नसतो? पोह्यांवर दाणे, खिचडीत कूट, वांग्याच्या रश्श्यात कूट, कोशिंबिरीत कूट. बंद पाकिटावर शेंगदाणा, दूध, सोया, गहू यांचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, पण कँटीनच्या ताटाला पाकीट नसतं. तिने आचाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळालं, “थोडाच घातलाय, काय होत नाही.” ती आता बिस्किटं खाते. फळ्यावर रोजच्या पदार्थापुढे खडूने ‘दाणे आहेत’ एवढं लिहायला काहीच खर्च नाही. ते लिहिलं जात नाही, कारण असं काही लिहायचं असतं हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि मनात यावं अशी ज्यांची गरज आहे, ते खिडकीपर्यंत पोचत नाहीत.

स्टोअरबद्दल एकही चिठ्ठी नव्हती, हे मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण तिथल्या अडचणी मी स्वतः बाई म्हणून ओळखायला हव्या होत्या. सॅनिटरी पॅड तिथे मिळतात. मागितले की वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतात. काउंटरला झेरॉक्ससाठी मुलांची गर्दी असते. आतल्या ताई नसतील त्या दिवशी मुली माघारी येतात, नाहीतर तास बुडवून स्टँडपर्यंत जातात. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये सरकारने काढून टाकला. देशभर त्यासाठी किती बोलावं-लिहावं लागलं होतं. त्या बोलण्याचा एक शब्दही आमच्या काउंटरपर्यंत पोचला नाही. जी गोष्ट मागायलाच संकोच वाटतो, तिच्याबद्दल तक्रार लिहून ती ऑफिसच्या दारातल्या पेटीत, शिपाईकाकांच्या डोळ्यांदेखत टाकायची, अशी अपेक्षा आम्ही अठरा वर्षांच्या मुलींकडून करत होतो. लॅबचे ॲप्रनही ठरावीक मापांतच येतात. ज्यांच्या अंगाला ते होत नाहीत, ती मुलं-मुली बटणं उघडी ठेवून प्रॅक्टिकलला उभी राहतात आणि वर सरांची बोलणी खातात. लिहून कोण देणार? त्यात स्वतःच्या शरीराचं वर्णन करावं लागतं.

अभिप्राय घेण्याची पद्धतच कुणाला बोलू द्यायचं हे ठरवत असते. आमचा छापील फॉर्म इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं प्रत्येक रकान्यात ‘गुड’ लिहून मोकळी होतात, कारण ‘बरं आहे, पण…’ यातलं ‘पण’ त्यांना त्या भाषेत लिहिता येत नाही. क्यूआर कोडसाठी फोन हवा, फोनमध्ये डेटा हवा. दृष्टिहीन विद्यार्थी फोनवर मजकूर वाचून घेऊ शकतो, पण दरपत्रकाचा फोटो लावला असेल तर त्याचा फोन गप्प बसतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी जवळ आली की फॉर्म गठ्ठ्याने भरून घेतले जातात, त्यांचे आलेख निघतात, फाइल तयार होते. अभिप्राय गोळा करणं हे नॅकने महत्त्वाचं मानलं, ते योग्यच आहे. आमचं चुकतं ते असं की कागद जमा झाले की ऐकून झालं असं आम्ही धरून चालतो.

आता ठेकेदाराबद्दल, कारण अशा लेखांत बहुतेक वेळा शेवटी सगळा राग त्याच्यावर निघतो. ठेका जास्तीत जास्त भाडं देणाऱ्याला मिळतो. वर्षाकाठी शिकवण्याचे दिवस धरा साधारण १८०. बाकी सुट्ट्या, परीक्षा, दिवाळी, मे महिना. बारा महिन्यांचं भाडं, गॅस, पोरांचे पगार आणि स्वतःचं घर त्याने त्या १८० दिवसांच्या चहा-वड्यातून काढायचं असतं. दुपारच्या अर्ध्या तासात टेबलं भरली पाहिजेत, रिकामी झाली पाहिजेत, पुन्हा भरली पाहिजेत, तरच त्याचं गणित जमतं. डबा उघडून बसणारी पाच मुलं म्हणजे त्याच्या हिशोबात एक टेबल गेलं. बोर्ड त्याने लावला, पण तो लावायला त्याला भाग पाडलं आमच्या निविदेने. संस्था कँटीनमधून उत्पन्न काढते, ते उत्पन्न ताटातून वसूल होतं आणि शेवटी त्याची किंमत जिन्यात बसलेली मुलगी मोजते. म्हणून कँटीनबद्दलच्या तक्रारीचा पत्ता ठेकेदार हा नसून संस्था हा आहे. भाडं कमी करा, त्या बदल्यात निविदेतच अटी घाला. डबा आणणाऱ्यांना जागा, एक स्वस्त भाजी-भाकरीचं ताट, रॅम्प मोकळा ठेवणं, फळ्यावर पदार्थांत काय आहे ते लिहिणं. पहिल्या एसटीने आलेल्यांसाठी सकाळी लवकर चूल पेटवणं हेही त्यातच आलं. आत्ता ती साडेनऊला पेटते.

आणि तो काउंटरवरचा पोरगा. नाव लिहून तक्रार आली होती ना, ती एकच चिठ्ठी अशी होती जिच्यावर तातडीने कारवाई झाली. पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, जावळीतल्या एका गावचा होता, बारावी करून आला होता, आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा. शंभर जण एकदम कूपन पुढे करतात तेव्हा कोण मऊ बोलेल? आवारात सगळ्यांत खाली ज्याची पायरी, त्याच्यावर अभिप्रायाचा सगळा भार पडला. त्याचं म्हणणं ऐकायला आमच्याकडे पेटी नव्हती. कँटीनमध्ये कोण सामावलं जातं असं विचारताना खाणाऱ्यांच्या यादीत वाढणारेही धरायला हवेत. मी त्या बैठकीत बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

साताऱ्यात बसून हे लिहिताना मला दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली पाण्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा नऊ वर्षांचा मुलगा इथल्या सरकारी शाळेत दाखल झाला. आज त्या शाळेला आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. शाळेत नळ होता. बाकीची मुलं तहान लागली की जाऊन पाणी पीत. या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर दिवसभर तहान. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलं. त्या काळी शाळेने मुलांचा अभिप्राय घेतला असता, तर पाण्याबद्दल बहुतेकांची काहीच तक्रार निघाली नसती. नळाला पाणी होतं आणि बहुतेकांना ते मिळत होतं.

दुसरी गोष्ट पंगतीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, एका चुलीचं खात. ती मुलंच दळत, रांधत, वाढत, भांडी घासत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, हे साताऱ्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी त्या दिवसांचं सुंदर चित्र काढत नाही. तिथे ओढगस्त होती, उपास होते. पण एक गोष्ट तिथे घडत होती. जो रांधत होता तोच जेवत होता, त्यामुळे मीठ कमी पडलं हे सांगायला त्याला चिठ्ठी लिहावी लागत नव्हती. आणि चूल ही शिक्षणाच्या बाहेरची गोष्ट आहे असं भाऊरावांना कधी वाटलं नाही. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आता या गावात आहे. या जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेने कँटीनला निव्वळ ठेक्याची बाब मानणं, हे आपण आपल्याच घरात काय शिकलो ते विसरणं आहे.

पंगतीचा विषय निघाला की एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणजे प्रत्येकाला वेगळं द्यायचं का? सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांतली मुलं कांदा-लसूण, बटाटा खात नाहीत, काही जण दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांना संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळेला खजूर-फळं हवी असतात आणि नेमकी तेव्हा आमची कँटीन बंद झालेली असते. पोलिस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांना उकडलेली अंडी हवी असतात. हा अपशिंग्याचा, घराघरातून फौजेत माणसं धाडणारा जिल्हा आहे, इथे ही मागणी नवलाची नाही. ती मुलं गेटबाहेरच्या गाड्यावर जातात, कारण आवारात अंडं चालत नाही. का चालत नाही, हे कुणी कधी ठरवलं ते मला कुठल्याही ठरावात सापडलं नाही. सगळ्यांत स्वस्त पौष्टिक खाणं ज्यांना परवडतं, त्यांनाच ते गुपचूप बाहेर जाऊन खावं लागतं.

माझं मत असं आहे की ताट वेगळं असायला हरकत नाही, पंगत वेगळी असता कामा नये. कांदा-लसणाशिवायची भाजी शिजवा, तिचा चमचा वेगळा ठेवा, अंडं उकडायचं पातेलं वेगळं ठेवा. एवढी काळजी घेणं म्हणजे शेजाऱ्याचा मान राखणं. पण ‘हे टेबल अमुक खाणाऱ्यांसाठीच’ अशी पाटी लागली की तिथून गोष्ट बदलते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबलं ठेवली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला, तेव्हा देशभर चर्चा झाली. महाराष्ट्रात तरी कोण काय खातो यावरून कोण कुणाचा हे ओळखलं जातं, हे आपण सगळे जाणतो. टेबल वाटलं गेलं की माणसंही वाटली जातात. भाऊराव स्वतः जैन घरातले. कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करूनच आत ये म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना राहती जागा सोडावी लागली. आपल्या घरचा आहार-आचार कुठवर आपला आणि कुठून पुढे तो दुसऱ्याचा अपमान, ती रेघ त्यांनी त्या वयात ओळखली होती.

मी वाणिज्य शिकवते, त्यामुळे आणखी एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, तो म्हणजे सभासद. हा सहकाराचा मुलूख आहे. ऊस घालणारा शेतकरी कारखान्याचा ग्राहक नसतो, सभासद असतो. वार्षिक सभेत उभा राहून तो अध्यक्षाला दराचा जाब विचारू शकतो. शेअर किती का असेनात, मत एकच. या सभांमध्ये काय काय चालतं हे मला माहीत आहे, आरडाओरडा, माइक बंद करणं, गटबाजी, सगळं. तरीही हक्काने उभं राहणं आणि विनंतीची चिठ्ठी टाकणं यांत फरक आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या धनंजयराव गाडगीळांचं नाव साताऱ्यातल्या वाणिज्य महाविद्यालयाला आहे. पूर्वी कॉलेजांमधून विद्यार्थ्यांची सहकारी ग्राहक भांडारं चालत. दहा-वीस रुपयांचा शेअर, विद्यार्थ्यांचं संचालक मंडळ, वह्या रास्त दरात. ती बंद पडत गेली, तिथे ठेके आले आणि सभासदाचा गिऱ्हाईक झाला. स्टोअर तरी पुन्हा त्या वाटेने चालवता येईल. वाणिज्यच्या मुलांना जमाखर्च शिकायला याहून चांगली जागा कुठली? पॅड कुठल्या फळीवर आणि कसे ठेवायचे, हे ठरवायला संचालक मंडळात दोन मुली असल्या म्हणजे पुरे.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की एवढ्या सगळ्यांचं ऐकत बसलो तर कँटीन चालायची कशी. माझा अनुभव असा की मागण्या मोजल्या तर त्यांतल्या बहुतेक फुकटच्या निघतात. खडू फुकट, बोर्ड काढणं फुकट, काळी पिशवी बंद करणं तर पैसे वाचवणारं. महाग आहे तो रॅम्प, आणि तो करायचा की नाही हे ठरवायची मुभा कायद्याने आपल्याला ठेवलेलीच नाही. वेळ लागतो तो विचारायला. त्यासाठीही मी एक साधी गोष्ट करून पाहिली. वर्गात ‘कँटीनचं जेवण कसं वाटतं’ असं न विचारता, कागदाचे तुकडे वाटून ‘मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस, कुठे असतेस?’ एवढंच विचारलं. नाव नको, मराठीत लिहा, दोन ओळी पुरे. ‘जिन्यात.’ ‘पार्किंगमध्ये, गाडीवर बसून.’ ‘मी खात नाही, पाणी पितो.’ ‘बाथरूमच्या मागे कट्टा आहे तिथे.’ ‘वर्गात, कारण उतरलं की परत चढता येत नाही.’ पाच मिनिटांत पेटीने चार महिन्यांत सांगितलं नव्हतं ते सगळं टेबलावर आलं. ‘पाणी पितो’ लिहिणारा कोण, हे मी शोधलं नाही. पण असा एक जण आहे हे कळल्यावर मला कँटीन समितीत गप्प बसता येईना.

पुढच्या बैठकीत मी ते तुकडे वाचून दाखवले. वाद झाला. ठेकेदाराला बोलावलं, त्याची बाजू ऐकली आणि त्या सत्रापुरतं भाडं थोडं कमी करायला संस्थेने मान्यता दिली. रॅम्पचं काम अजून फाइलीत आहे. त्याचा पाठपुरावा मी सोडलेला नाही. काउंटरवरचा पोरगा परत आला नाही, त्याला जाऊन बराच काळ झाला होता. सूचना-उत्तरांचा एक फळा लागला. कुणी काय मागितलं, कुणी उत्तर दिलं, ‘नाही’ असेल तर का नाही, हे त्यावर तारखेसह लिहायचं ठरलं. आणि निळा बोर्ड उतरला.

पहिले काही दिवस जिन्यातलं कुणी उतरून आलं नाही. बोर्ड गेला तरी सवय गेली नव्हती. मग मीच एकदा माझा डबा घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि आम्ही सगळ्या मिळून कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसलो. ठेकेदाराची बायको आतून बघत होती. भाकऱ्या बघून तिने एका वाटीत मिसळीचा कट आणून मधोमध ठेवला, काही न बोलता. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. कधी एक चहा घेऊन दोघींत पितात, कधी तोही नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेटी पुन्हा उघडली. कटाबद्दल, पावाबद्दल, टीव्हीबद्दल, नेहमीच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांत वहीच्या पानाचा चार घड्यांचा एक तुकडा होता, गोल-गोल अक्षरातला. ‘भाकरी खाल्ल्यावर हाताचं तेल निघत नाही. नळापाशी साबण ठेवावा.’